शून्य गुणांचं तळं

एडमंटन, ६ ऑक्टोबर २०२४

विलासकाका, नमस्कार.

मी श्रावणी, वेंगुर्ल्याच्या चंद्रकांत खानोलकरांची मुलगी, म्हणजे तुमच्या चुलतभावाची. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी दुसरीत होते आणि तुमच्या सूटकेसवर बसून रडत होते, असं बाबा सांगतात. आता मी सत्तावीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी इथे युनिव्हर्सिटीत मास्टर्सला आले. बाबा म्हणाले, विलासला फोनवर ऐकू येत नाही आणि कॉम्प्युटर त्याने रिटायर झाला त्या दिवशी बंद केला, तेव्हा कागदावर लिही. म्हणून औषधांच्या दुकानातल्या टपालखिडकीवर जाऊन आयुष्यातलं पहिलं पोस्टाचं तिकीट घेतलं.

लिहिण्याला एक कारण आहे. माझं काम जरा विचित्र आहे. प्राणी आणि झाडांमधली जनुकीय विविधता कशी टिकवायची, यावर जगभर जे निबंध छापून येतात, त्यांतले दोन हजार सहाशे चाळीस मी घेतलेत. ते बरोबर आहेत की चूक, हे मी बघत नाही. मी बघते की इंटरनेटवर त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं. किती बातम्या आल्या, किती लोकांनी पोस्ट केली, कुठल्या सरकारी अहवालात उल्लेख झाला. या सगळ्याचा मिळून एक आकडा निघतो, त्याला आम्ही स्कोअर म्हणतो. माझ्या गाईड हेदर यांना जाणून घ्यायचंय की लोकांपर्यंत काय पोचतं आणि का.

का, ते अजून मलाही कळलेलं नाही. यादीत सगळ्यात वर जो आहे, त्याचा स्कोअर एकोणीसशेच्या घरात. मी उत्सुकतेने वाचला, तर साधाच निबंध. पण पहिल्या पानावर कोल्ह्याच्या पिल्लाचा फोटो आहे, आणि पिल्लू कॅमेऱ्याकडे बघून जांभई देतंय.

गेल्या आठवड्यात मी यादीचं दुसरं टोक बघत होते. सातशे अकरा निबंधांना शून्य. त्यांत २००९ सालचा एक, ओंटारिओतल्या छोट्या तळ्यांमधल्या ब्रूक ट्राउट माशांवरचा. लेखकांमध्ये तिसरं नाव: व्ही. खानोलकर. माशांवर लिहिणारे खानोलकर जगात किती असतील? ते तुम्हीच का? आणि असाल, तर त्यात काय केलं होतंत? मला खरंच ऐकायचंय.

काकूंना नमस्कार. इथे कालच पहिला बर्फ भुरभुरला.

तुमची पुतणी,
श्रावणी


व्हिटबी, १९ ऑक्टोबर २०२४

चि. श्रावणी,

तुझं पत्र हातात पडलं आणि मी ते दारातच उभं राहून वाचलं. सुरेखा आतून ओरडत होती, दार लावा, हीट चालू आहे.

होय, तो व्ही. खानोलकर मीच. माझ्याकडे डॉक्टरेट वगैरे काही नाही. कोल्हापूरची बी.एस्सी. घेऊन एक्क्याऐंशी साली इथे आलो आणि माशांच्या हॅचरीत तीस वर्षं टेक्निशियन म्हणून राबलो. मोठ्या हौदांत अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची, टाकीच्या ट्रकमधून नेऊन तळ्यांत सोडायची. लोकांना गळाला मासे लागावेत म्हणून. शेवटच्या वर्षांत पॅट्रिशिया नावाची एक शास्त्रज्ञ बाई आली. तिला बघायचं होतं की आमच्या हॅचरीच्या माशांनी तळ्यातल्या मूळ माशांचं काय केलं. मी तिला वाट दाखवायला गेलो आणि तीन उन्हाळे तिच्याबरोबर हिंडलो. मासा जाळ्यात घ्यायचा, पाठीवरच्या मऊ पराचा नखाएवढा तुकडा कापायचा, बाटलीत घालायचा, मासा परत सोडायचा. अशा नऊशे बाटल्या.

तुला सोपं करून सांगतो. आपल्या खाजणातलं भात खाऱ्या पाण्यात तग धरतं. ते तसं व्हायला शेकडो वर्षं लागली. सगळीकडे एकच सरकारी बियाणं पेरलं की ते जुनं भात जातं, आणि गेल्यावर कळतं की काय गेलं. तळ्यांचंही तसंच. बारा तळी तपासली. अकरांत आमच्या हॅचरीचं रक्त मिसळलेलं निघालं. एकात अजिबात नाही. तिथले मासे हिमयुगाचा बर्फ वितळल्यापासून तिथेच आहेत, म्हणजे दहा हजार वर्षं. उन्हाळ्यात ते पाणी असं तापतं की आमच्या हॅचरीचा मासा पोटावर उलटा होईल. हे मात्र खाली झऱ्याजवळ जाऊन राहतात आणि जगतात.

निबंधात त्याला 'तळं क्रमांक सात' म्हटलंय. खरं नाव टिनकप लेक. हॅलिबर्टनच्या वर, शेवटच्या गॅस स्टेशननंतर डावीकडे कच्चा रस्ता लागतो, तो संपला की अडीच किलोमीटर पायी. काठाशी एव्हलिनचं घर आहे. तिचे लोक तिथे कॅनडा नावाचा देश होण्याआधीपासून आहेत.

त्या माशाचा मी काढलेला एक फोटो सोबत ठेवतो. पोट बघ कसं आहे, देवगड हापूससारखं.

शून्य मिळालं हे वाचून हसू आलं. असू दे. शून्यच बरं.

विलासकाका


व्हिटबी, १३ नोव्हेंबर २०२४

चि. श्रावणी,

तुझं उत्तर यायच्या आधीच हे लिहितोय. मागचं पत्र टाकलं आणि नंतर मनाला लागून राहिलं. कुणी पंधरा वर्षांनी त्या तळ्याबद्दल विचारलं या आनंदात मी नाव लिहिलं, रस्ताही लिहिला. ते लिहायला नको होतं.

पॅट्रिशियाने आणि मी एव्हलिनला शब्द दिला होता. ती म्हणाली होती, "तुम्ही मासे तपासा, माझी हरकत नाही. पण तळ्याचं नाव कुठेही येता कामा नये." तिचं म्हणणं बरोबर होतं. ब्रूक ट्राउटच्या तळ्याची खबर लागली की लोक येतात, आणि येताना बादलीत आमिषाचे जिवंत छोटे मासे आणतात. जाताना उरलेले तळ्यात ओतून जातात. त्यांत पर्च नावाच्या माशाची चार पिल्लं असली तरी पुरे. पर्च वाढतो, ट्राउटचं खाणं खातो, आणि दहा वर्षांत खेळ संपतो. म्हणून निबंध छापून आला तेव्हा पॅट्रिशियाने बातमी दिली नाही, भाषण केलं नाही. तो शून्य आम्ही सांभाळलेला आहे. पॅट्रिशिया आता नाही, मी आहे.

तेव्हा ते नाव तुझ्यापाशीच राहू दे. तू शहाणी आहेस, पण सांगितलेलं बरं.

सुरेखा म्हणते, टपालवाले संपावर जायच्या बेतात आहेत. हे आजच टाकतो.

विलासकाका


एडमंटन, १ डिसेंबर २०२४

विलासकाका,

संप अजून चालूच आहे, त्यामुळे हे पत्र तुम्हाला कधी मिळेल देव जाणे. तरी लिहून पाकिटात घालून ठेवते, कारण मला राहवत नाहीये.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. 'शून्यच बरं' या शब्दांवर अडकले. नऊशे बाटल्या, तीन उन्हाळे, आणि जगात एका माणसाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तुम्ही हसण्यावारी नेलंत, पण मला वाईट वाटलं. डिसेंबरात तुम्हाला पंचाहत्तरावं लागतंय असं बाबांकडून कळलं, आणि मला काय द्यावं ते सुचलं.

गेल्या महिन्यात वीस तारखेला मी तुमचा तो फोटो टाकून एक पोस्ट लिहिली. माझ्या काकांनी दहा हजार वर्षं जुना मासा कसा शोधला, त्याची गोष्ट, तळ्याच्या नावासकट. खाली निबंधाची लिंक. रात्रीपर्यंत चाळीस लोकांनी शेअर केली. दुसऱ्या दिवशी मासेमारीच्या एका मोठ्या पेजने उचलली, आणि मग काय विचारता. एका वर्तमानपत्राने बातमी केली. काका, आज सकाळी तुमच्या निबंधाचा स्कोअर एकशे शहाऐंशी आहे. माझ्या पूर्ण यादीत तो वरून एकोणिसावा आहे. पंधरा वर्षं शून्य आणि अकरा दिवसांत हे. मी दर तासाला बघते, ग्राफ उभ्या भिंतीसारखा चढलाय.

लोक किती प्रेमाने लिहितात. 'असा मासा आयुष्यात पाहिला नाही.' 'तुमच्या काकांना सलाम.' एकाने विचारलं, टिनकप लेकला गाडी जाते का? मी तुमच्या पत्रातून रस्ता सांगितला. त्याने हात जोडलेले पाठवले.

हेदरना दाखवलं. त्यांनी ग्राफ दोनदा वर-खाली करून बघितला. मग म्हणाल्या, "तू जे मोजतेस, त्यालाच तू हात लावलास." त्याचं काय करायचं ते नंतर बघू. सध्या मी खूश आहे.

वाढदिवसाच्या शुभेच्छा.

श्रावणी


एडमंटन, २७ डिसेंबर २०२४

काका,

तुमचं १३ नोव्हेंबरचं पत्र चोवीस तारखेला मिळालं. त्यावर तेराच तारखेचा शिक्का आहे. चाळीसेक दिवस ते कुठल्या तरी पोत्यात पडून होतं. माझंही तोवर तुम्हाला मिळालं असेल.

मी पोस्ट काढून टाकली आहे. वर्तमानपत्राला लिहिलं, त्यांनी वेबसाइटवरून तळ्याचं नाव काढलं. त्या मासेमारीच्या पेजला तीन वेळा लिहिलं, उत्तर नाही. पण माझी मूळ पोस्ट एकोणीसशे लोकांनी पुढे पाठवली होती, आणि त्यांतल्या कितींनी फोटो काढून ठेवलाय हे मला कळायला मार्ग नाही. ज्याला मी रस्ता सांगितला, त्याचं प्रोफाइल आज उघडून बघितलं. बर्फाला भोक पाडून मासे पकडतानाचे फोटो आहेत. बाजूला बादली आहे.

तुम्ही मला विश्वासाने लिहिलंत आणि मी ते चौकात वाचून दाखवलं. मला वाटलं मी तुम्हाला काहीतरी देतेय. तुम्ही 'शून्यच बरं' असं स्वच्छ लिहिलं होतंत. मी ते वाचलं आणि मला हवा तो अर्थ घेतला.

मी काय करू ते सांगा. रागावून लिहिलंत तरी चालेल.

श्रावणी


व्हिटबी, १४ जानेवारी २०२५

श्रावणी बाळ,

मी काकू लिहितेय. तुझ्या काकांनी अजून लिहायला घेतलेलं नाही, आणि तिकडे तू जेवणखाण सोडून बसली असशील, म्हणून मीच कागद ओढला.

तुझी दोन्ही पत्रं एका आठवड्यात आली. पहिलं यांनी किचनमध्ये वाचलं. बूट घातले आणि बर्फातला ड्राइव्हवे शोव्हल करायला गेले. तो मी सकाळीच केलेला होता. तासभर बाहेर उभे होते. आत आले तर म्हणाले, "पोरीने माझ्यासाठी केलं गं."

मग चार तारखेला, शनिवारी, एव्हलिनचा फोन आला. फोन मीच घेते, यांना ऐकू येत नाही. ती म्हणाली, तीन ट्रक आलेत, नऊ माणसं, बर्फावरून स्लेज ओढत तळ्यावर गेलीत. तिने जाऊन विचारलं तर त्यांनी हसून टिनकपच्या माशाचा फोटो दाखवला. आपल्या यांनी काढलेला. माणसं वाईट नव्हती, म्हणाली. तिला कॉफी देऊ केली.

हे दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेले. या वयात, तसल्या रस्त्यावर. विंटर टायर्स आहेत म्हणून मी जाऊ दिलं. बर्फात अकरा भोकं मोजली. एका भोकापाशी बादली उपडी पडलेली होती आणि आजूबाजूला बोटाएवढे मासे गोठून चिकटलेले. पाण्यात किती गेले कोण सांगणार. उन्हाळ्यापर्यंत काही कळणार नाही म्हणतात.

तुझ्या काकांशी एव्हलिन बोलली नाही. दारात आली, यांच्याकडे बघितलं आणि आत गेली. हे त्याचंच जास्त मनाला लावून घेतायत.

तुझ्यावर रागावलेत असं समजू नकोस, असं लिहायला त्यांनी मला सांगितलंय. माझं विचारशील तर रागावलेत. पण त्या रागात आणखी काहीतरी आहे. चव्वेचाळीस वर्षं बघतेय मी या माणसाला. काहीतरी सांगायचंय आणि सांगत नाहीत.

जेवत जा. तिथे उणे तीस आहे म्हणून टीव्हीवर बघितलं.

सुरेखाकाकू


व्हिटबी, ९ फेब्रुवारी २०२५

चि. श्रावणी,

उशीर झाला. रागावलो होतो, आता नाही. तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी पॅट्रिशियालाही सांगितली नव्हती. सुरेखाला काल रात्री जेवताना सांगितली.

तू निबंध वाचला असशील तर त्यात एक वाक्य आहे. सरकारी नोंदीनुसार तळं क्रमांक सातमध्ये १९८६ साली हॅचरीचे मासे सोडले गेले होते, तरी तिथल्या माशांत हॅचरीचा अंशही नाही, कारण अज्ञात. ते कारण अज्ञात नाही. ते कारण मी आहे.

शहाऐंशीच्या मे महिन्यात मी आणि डग नावाचा ड्रायव्हर टाकीचा ट्रक घेऊन निघालो होतो. दिवसभरात सहा तळी झाली होती. टिनकपच्या वाटेवरचा लाकडी पूल खचलेला निघाला. मासे पाठीवरच्या डब्यांतून अडीच किलोमीटर न्यायचे, अंधार पडायला आलेला, वर काळ्या माश्या चावून रक्त काढत होत्या. डग म्हणाला, "कोण बघतंय, विल?" आम्ही उरलेली पिल्लं आधीच्या तळ्यातच ओतली. मी फॉर्मवर टिनकपपुढे खूण केली, खाली सही केली आणि घरी आलो.

वीस वर्षं ती खोटी सही मला टोचत होती. मी तेव्हा नवा, ब्राउन माणूस, कामात कुचराई केली असं कुणी म्हणू नये म्हणून जीव तोडून काम करणारा. एकदाच चुकवलं. मग पॅट्रिशिया आली आणि म्हणाली, हॅचरीच्या माशांनी मूळ जातींची वाट लावली असावी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्या चाळीस तळ्यांत मी इमानेइतबारे मासे सोडले, तिथे मी नुकसान केलं, आणि जिथे कामचुकारपणा केला, तेवढंच वाचलं. मी तिला म्हटलं, टिनकपही तपासू या, मला वाटतंय तिथे काहीतरी सापडेल. ती म्हणाली, "तुला माशांची नस कळते." मी ते ऐकून घेतलं.

तेव्हा तुला मी काय बोलणार? चांगलं करतोय या खात्रीने मीही चाळीस तळ्यांवर ट्रक घेऊन गेलो होतो. तू एका तळ्यावर गेलीस.

आता रडत बसू नकोस. काय करायचं ते मे महिन्यात बर्फ गेल्यावर ठरेल. तोवर तू मला हे सांग: त्या सातशे अकरा शून्यांत आमच्यासारखे आणखी किती आहेत? हे तुम्हा लोकांनी कधी विचारलंय का?

विलासकाका


एडमंटन, २३ मार्च २०२५

काका,

तुमचं पत्र एलआरटीमध्ये वाचलं आणि दोन स्टेशनं पुढे गेले.

आधी माझ्या बाजूचं. हेदरना मी सगळं सांगितलं. तुमची सहीची गोष्ट सोडून. ती तुमची आहे. त्यांनी तुमचा निबंध यादीतून काढायला लावला, कारण त्याचा स्कोअर मीच बनवला होता. मला वाटलं त्या मला दुसरी गाईड शोधायला सांगतील. त्या म्हणाल्या, "तुझ्या काकांचा प्रश्न मला आवडला. तो विचार."

म्हणून विचारला. शून्य असलेल्यांपैकी दीडशे निबंधांच्या लेखकांना एकेकाला पत्र लिहिलं: तुमच्या कामाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, याचं काय कारण असावं असं तुम्हाला वाटतं? आणि त्या कामाचं पुढे काय झालं?

त्र्याऐंशी उत्तरं आली. मी इतकं मन लावून गेल्या दीड वर्षात काहीच वाचलं नव्हतं. बऱ्याच जणांनी लिहिलं की कारण माहीत नाही, पुढे काहीही झालं नाही, आणि तुम्ही विचारणाऱ्या पहिल्याच. नॉर्वेच्या एका आजोबांनी लिहिलं की त्यांच्या निबंधावरून तिथल्या एका खोऱ्यातल्या लोकांनी मेंढ्यांचं प्रजनन बदललं. ती माणसं इंटरनेटवर नसतात, चर्चच्या हॉलमध्ये असतात. एका बाईंचा ऑर्किडवरचा निबंध छापला गेला आणि त्याच वर्षी कुणीतरी ती जागा शोधून मुळासकट झाडं नेली, त्यानंतर त्यांनी ठिकाणं लिहिणंच बंद केलं. आणि नऊ जणांनी जवळजवळ सारख्याच शब्दांत विनंती केली: कृपया याबद्दल कुठे लिहू नका.

नऊ, काका. त्र्याऐंशीत नऊ. आमच्या तक्त्यात ते आणि जांभई देणारं कोल्ह्याचं पिल्लू एकाच पट्टीने मोजलेले आहेत. एकाला एकोणीसशे, बाकीच्यांना शून्य, आणि कुणी म्हणेल शून्यवाल्यांना लोकांपर्यंत पोचायला शिकवा. मीही तेच म्हणाले असते. म्हणजे म्हणालेच.

प्रबंधात मी आता यावर एक प्रकरण लिहितेय. माझी चूकही त्यात असेल, तळ्याचं नाव न घेता. एक गोष्ट मात्र अजून सुटत नाही. ओढून आणलेलं लक्ष आणि खरी काळजी आकड्यावरून वेगळी ओळखता येते का? मी तीन आठवडे प्रयत्न करतेय. मला तरी येत नाही.

एव्हलिन बोलल्या का?

श्रावणी


व्हिटबी, १६ जून २०२५

चि. श्रावणी,

सरळच लिहितो. तळ्यात पर्च आहे. गेल्या आठवड्यात परवानगी काढून चार दिवस जाळी लावली. ट्राउट बावीस मिळाले, सगळे धडधाकट. पर्च सात, बोटाएवढे. सात सापडले म्हणजे पाण्यात किती, याचा हिशेब तुला माझ्यापेक्षा चांगला येतो. ते आता काढता येणार नाहीत.

एव्हलिन बोलली. जाळ्यातून पहिला पर्च निघाला तेव्हा ती होडीत माझ्या समोर बसली होती. तिने तो हातात घेतला आणि म्हणाली, "याचा काही दोष नाही." मग वल्हं उचललं. मी तिला तिथेच शहाऐंशीची गोष्ट सांगितली. ती वल्हं मारत राहिली. "म्हणजे एकदा आळशी माणसाने वाचवलं आणि एकदा प्रेमळ पोरीने बुडवलं," असं म्हणाली आणि हसली. पहिल्यांदाच हसली.

आता पुढचं. पर्चला वाढायला पाचसहा वर्षं लागतील. त्या आत ट्राउटला दुसरं घर हवं. एव्हलिनच्या लोकांच्या जमिनीवर वर डोंगरात एक तळं आहे, मासा नसलेलं, तळाशी झरा असलेलं. ऑक्टोबरात ट्राउट अंडी घालतात. ती घेऊन तिथे रुजवायची. तिच्या लोकांच्या सभेने होकार दिला. सरकारी परवानगीला अशा कामात दोनतीन वर्षं जातात, पण अर्ज ज्या बाईच्या टेबलावर गेला, तिने डिसेंबरात तुझी पोस्ट वाचली होती. तेव्हापासून तिच्या मनात तो मासा होता म्हणे. हे तुझं समाधान व्हावं म्हणून लिहीत नाहीये. झालं ते असं झालं.

तिने एकच अडचण काढली. सरकारी नोंदीत टिनकपमध्ये हॅचरीचे मासे सोडल्याचं आहे, मग हा मूळचा मासा कशावरून? तपासणी सांगते, पण नोंद आड येते. तेव्हा मी लिहून दिलं. १९८६ ची नोंद खोटी आहे, ती मी केली, सही माझी. सुरेखा साक्षीदार. एकोणचाळीस वर्षांनी.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात माणसं लागतील. थंड पाण्यात कंबरेपर्यंत उभं राहावं लागतं. माझ्याने आता होत नाही. मी काठावरून सांगणार, पाण्यात उतरायला कुणीतरी हवं.

विलासकाका


एडमंटन, २ जुलै २०२५

काका,

मी येते. एव्हलिन यांना विचारा, मी आलेली चालेल का. त्या नाही म्हणाल्या तर गाडीत बसून राहीन, पण येते.

श्रावणी


एडमंटन, ९ नोव्हेंबर २०२५

काका, काकू,

तुमच्याकडे आठ दिवस राहिले आणि तरी बोलायचं राहूनच गेलं. काही गोष्टी समोर बसून बोलता येत नाहीत, विशेषतः काकू ताटात आणखी एक पोळी टाकत असताना.

काका, तुम्ही काठावर खुर्ची टाकून बसला होतात आणि मी पाण्यात होते. बोटं बधिर झालेली. तुम्ही म्हणालात, "शेपटीकडून नाही, पोटाखालून उचल, आणि अंगठ्याने हळू, बाळाला तेल लावतात तसं." आणि भांड्यात अंडी पडायला लागली, केशरी, मोत्यांसारखी. वर्षभर मी या माशाचे आकडे बघितले होते. त्याला हातात धरल्यावर कळलं की तो धडधडतो. मला रडू आलं ते थंडीमुळे असं मी म्हणाले होते.

आदल्या दिवशी एव्हलिन यांनी मला घरात बोलावलं होतं. तुम्हाला वाटलं त्या मला रागावल्या. नाही. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "तू ते का लिहिलंस?" मी म्हटलं, काकांचं काम कुणी बघितलं नाही म्हणून. त्या म्हणाल्या, "मी बघत होते की. रोज सकाळी बघते." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी ठीक आहे. उद्या किती वाजता पाण्यात उतरणार?"

परवा माझा डिफेन्स, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, या प्रबंधाचा एका वाक्यात निष्कर्ष काय? तयार करून नेलेलं वाक्य होतं. ते सोडून मी म्हणाले की लक्ष किती गेलं हे मोजता येतं, पण कुणाचं गेलं हे विचारावं लागतं, आणि विचारायला वेळ लागतो. ते म्हणाले, हे विज्ञान आहे का? हेदर म्हणाल्या, "त्र्याऐंशी पत्रं आहेत, वाचून बघा." पास झाले. इथे कायम राहायच्या पीआरसाठी अप्लाय करायचे कागद आता गोळा करतेय.

बर्फाखाली सहा महिने अंडी. मला रोज त्यांची आठवण येते.

श्रावणी


व्हिटबी, १० मे २०२६

चि. श्रावणी,

काल वरच्या तळ्यावर जाऊन आलो. सुरेखाही आली, पहिल्यांदाच. चढणीवर तीनदा बसली आणि तीनही वेळा मला म्हणाली की हे तुम्ही मला चाळीस वर्षांपूर्वी दाखवायला हवं होतं.

तळ्यावर अजून मधोमध बर्फाचा तुकडा तरंगत होता. एव्हलिन आमच्या आधी पोचली होती. झऱ्याच्या तोंडाशी, जिथे तू आणि तिच्या नातीने खडीत अंड्यांच्या पेट्या पुरल्या होत्या, तिथे ती खडकावर पालथी पडून पाण्यात बघत होती. हाताने खूण केली, हळू या. मी गुडघ्यांवर बसलो. आधी काहीच दिसलं नाही. खडे, पानं, माझंच तोंड.

मग एक खडा हलला. तो खडा नव्हता. सुईएवढं, अंगावर काळे पट्टे, प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी शेपटी हलवत उभं. एक दिसल्यावर नजर बसली आणि मग सगळीकडे दिसायला लागली. मी मोजायला सुरुवात केली. त्रेसष्टपर्यंत गेलो आणि ती हलली. पुन्हा सुरुवात केली, एकेचाळीसला चुकलो. एव्हलिनने तिच्या भाषेत मोजली, तिचा आकडा वेगळा आला. सुरेखाने मोजलीच नाहीत. ती म्हणाली, "किती बारीक आहेत हो. खातात काय?"

खाली टिनकपमध्ये यंदा पर्च वाढलेत. ते तसंच राहील. किती वर्षं ट्राउट तिथे टिकतील सांगता येत नाही. एव्हलिन रोज सकाळी जाऊन बघते.

निघताना मला उठता येईना, गुडघे गोठले होते. दोघींनी दोन बाजूंनी धरून उभं केलं. सुरेखा म्हणाली, श्रावणीला फोन करू या, इथे सिग्नल येतो का बघा. एव्हलिन म्हणाली, "येत नाही." म्हणून घरी येऊन आधी हे लिहायला बसलो. हात धुतलेले नाहीत, कागदाला मातीचं बोट लागलंय, तेवढं चालवून घे.

पिल्लं जगली आहेत, श्रावणी.

विलासकाका